पुठ्ठ्याच्या पोटातली पानं

कागदाची सजावट म्हटली की डोळ्यांसमोर मखर येतं, आकाशकंदील येतो, दारावरच्या पताका येतात. 'पोरांचा सुट्टीतला उद्योग' एवढीच त्याची किंमत आपण धरतो. पण आपल्या जैन घरांतल्या कागदकामाचा इतिहास सणांपासून सुरूच होत नाही. तो सुरू होतो पोथीपासून. आणि त्यातला मोठा भाग रद्दीचा, खळीचा आणि बायकांच्या हातचा आहे. त्यात लढाया नाहीत, राजेही एखाद-दुसरेच, त्यामुळं तो फारसा सांगितला जात नाही.

आधी पान बघू. आपल्या दक्षिणेत जुनी पोथी म्हणजे ताडपत्र. मूडबिद्रीला धवला, जयधवला ताडपत्रांवर कशा जपल्या गेल्या हे आपल्यातल्या बहुतेकींनी प्रवचनात ऐकलेलं आहे. ताडाचं पान मुळात लांबट आणि चिंचोळं. ते आडवं धरून लिहायचं. सगळी पानं एकत्र राहावीत म्हणून त्यांना भोक पाडायचं आणि त्यातून दोरी ओवायची. भोकाभोवती थोडी जागा कोरी सोडावी लागे, नाहीतर दोरी घासून अक्षर जायचं.

मग कागद आला. गुजरातेत चौदाव्या शतकात कल्पसूत्राच्या पोथ्या कागदावर लिहिल्या जाऊ लागल्या आणि पुढच्या शंभरेक वर्षांत तिकडं ताडपत्र जवळजवळ हटलं. पण सुरुवातीला कागदाला मान नव्हता बरं का. कुमारपाल राजाची एक गोष्ट पंधराव्या शतकातल्या 'कुमारपालप्रबंधा'त येते. राजा सकाळी हेमचंद्राचार्यांच्या दर्शनाला गेला, तर लेखनिक कागदावर लिहीत बसलेले. असं का, म्हणून विचारलं तर कळलं, ताडपत्रं संपली आहेत. राजाला लाज वाटली. माझ्या राज्यात गुरूंच्या ग्रंथाला पान मिळू नये? त्यानं उपास धरला, आणि मग झाडांना चांगली पानं आली, असं प्रबंधकार सांगतो. झाडांचं काय ते असो, पण कागदाची तेव्हाची पायरी या गोष्टीतून नेमकी कळते. कागद म्हणजे आहे त्यात भागवणं. चांगलं मिळेना म्हणून घेतलेलं हलकं.

आणि या हलक्या वस्तूचं आपल्या लोकांनी काय केलं, ते बघण्यासारखं आहे.

कागद कसाही कापता येतो. उभा धरा, चौकोनी करा, कोण अडवतंय? पण पोथीनं ताडपत्राचा आकार सोडला नाही. साधारण २६ सेंटिमीटर लांब आणि ११ सेंटिमीटर उंच अशी आडवी पानं तशीच राहिली. पानं सुटी ठेवायची पद्धत पडली, म्हणजे दोरीची गरज संपली, भोकाचीही संपली. तरी पानाच्या मधोमध ती कोरी जागा लेखनिक सोडतच राहिला. मग त्या रिकाम्या जागेत लाल ठिपका आला. ठिपक्याभोवती निळी रेघ आली, चौकट आली, कधी सोनेरी वेलबुट्टी आली. शे-दोनशे वर्षांनी लिहिणाऱ्यांतल्या किती जणांना माहीत असेल, की इथं कधी दोरीचं भोक होतं म्हणून?

लेखनिकांनी याच्याही पुढं मजल मारली. ओळी लिहिताना मधेमधे अक्षरं अशी गाळत जायची, की कोऱ्या राहिलेल्या जागांतून पानावर आपोआप स्वस्तिक, छत्र, चौकट असा आकार उमटावा. शाई जास्त नाही, रंग नाही, सोनं नाही. सजावटीचं साहित्य काय, तर न लिहिलेली जागा! पाटण आणि जेसलमेरचे ग्रंथभांडार ज्यांनी आयुष्य वेचून लावले त्या मुनी पुण्यविजयजींनी याला 'रिक्तलिपिचित्र' म्हटलं आहे. यापेक्षा स्वस्तातली कागदाची सजावट मला तरी माहीत नाही.

हे झालं पानाचं, आणि ते काम बहुतेक पुरुष लेखनिकांचं. पान लिहून झालं की ते सांभाळायचं काम सुरू होतं, आणि तिथं बाई येते.

सुटी पानं उडतात, वाकतात, त्यांचे कोपरे मोडतात. त्यांना खाली-वर आधार हवा. तो लाकडी फळीचा असे, नाहीतर पुठ्ठ्याचा. आता हा पुठ्ठा काही दुकानात मिळायचा नाही. वापरलेले कागद एकावर एक खळीनं चिकटवायचे, वजनाखाली दाबायचे, वाळवायचे. की झाला पुठ्ठा. मग त्याला कापड चढवायचं. गुजरात-राजस्थानकडं अशा पुठ्ठ्यांवर किनखाप, मशरू, जुन्या भारी वस्त्राचा उरलेला तुकडा लावत. त्यावर भरतकाम, मण्यांचं काम, अष्टमंगल नाहीतर त्रिशलामातेची स्वप्नं. श्वेतांबर घरांत ज्ञानपंचमीचं तप पुरं झालं की उजमण्याला ज्ञानाची उपकरणं अर्पण करतात. त्यात पोथ्या असतात, तसेच हे पुठ्ठे आणि बांधायचे रुमालही असतात. आपल्या दिगंबर मंडळींत एवढा थाट नाही. आपल्याकडं वेष्टन. तांबड्या नाहीतर पांढऱ्या सुती कापडात पोथी गुंडाळायची. ज्येष्ठ शुद्ध पंचमीला, श्रुतपंचमीला, शास्त्रं बाहेर काढायची, झटकायची, वारा द्यायचा, नवीन वेष्टन घालायचं. षट्खंडागम लिहून पुरा झाला त्याचा तो दिवस. माझी आजी निपाणीकडची. तिला स्वतःची सही करता यायची नाही, पण वेष्टनाला तिनं कधी कांजी केलेलं कापड वापरू दिलं नाही. "खळीला कसर लागती ग," म्हणायची. कापडाची कांजी किडीला बोलावते, हे आज कागद जपणारे तज्ज्ञही सांगतात.

पण मला सगळ्यात जास्त विचार करायला लावते ती पुठ्ठ्याच्या आतली रद्दी. लिहिलेल्या कागदाचा आपल्यात किती सांभाळ! पाय लागू द्यायचा नाही, उष्ट्या हातानं धरायचा नाही, कचऱ्यात टाकायचा नाही. श्वेतांबर त्याला ज्ञानाची आशातना म्हणतात, आपण जिनवाणीचा अविनय म्हणतो. मग लिहिताना चुकलेलं पान, फाटलेलं पान, जुनी पत्रं, संपलेल्या खात्याचे हिशेब, यांचं करायचं काय? जाळवत नाही, टाकवत नाही. तेव्हा खळ लावून पुठ्ठ्यात घातलं. टाकाऊ पान चांगल्या पानाचं चिलखत झालं. जुने पुठ्ठे भिजून सुटले की आतून असली पत्रं, हिशेब, अर्धवट ओळी निघतात त्या यामुळं. ज्यांच्या घरच्या त्या चिठ्ठ्या, त्यांची नावं कुठल्या ग्रंथात नाहीत. पुठ्ठ्याच्या पोटात मात्र आहेत.

कागद जपून वापरायचं दुसरं कारण अगदी व्यवहारातलं. तो स्वस्त नव्हता. मराठेशाहीत दौलताबादी, जुन्नरी असा गावाच्या नावानं कागद ओळखला जाई. दौलताबाद-खुलताबादच्या मधे कागजीपुरा नावाचं गाव आहे. तिथं महंमद तुघलकाच्या काळापासून कागद होतो अशी तिथली परंपरा सांगते, आणि आजही तिथं हातकागद मिळतो. जुन्या चिंध्या, तागाची पोती, दोरखंड कुजवायचे, कुटायचे. तो लगदा पाण्यात कालवून गवताच्या काड्यांच्या जाळीवर उचलायचा. पाणी निथळलं की ओला कागद भिंतीला चिकटवून वाळवायचा. म्हणजे बघा, कागद स्वतःच मुळात रद्दीतून झालेला! वाळलेल्या कागदावर शाई फुटू नये म्हणून त्याला पिठाची नाहीतर तांदळाची पातळ खळ देत, तिला 'आहार' म्हणत. आणि मग गुळगुळीत दगडानं घोटत.

या आहारापाशी थोडं थांबायला हवं. युरोपात याच कामासाठी तेराव्या शतकापासून जनावरांचं कातडं-खुरं उकळून काढलेलं जिलेटिन वापरत. आपल्याकडचा कागद मात्र धान्याच्या खळीवर. आपल्या ग्रंथांच्या कागदावर हिंसेचा डाग नव्हता, तो कोणी धर्माज्ञा काढली म्हणून नव्हे, इथल्या कागज्यांची पद्धतच तशी होती म्हणून. आणि हे कागजी बहुतेक मुसलमान, हेही सांगितलं पाहिजे. शास्त्रं आपली, कागद त्यांचा.

छापखाने आले तेव्हा हा प्रश्न पेटला. धर्मग्रंथ छापायचे की नाही यावरून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या समाजात मोठं वादळ झालं. शाईत चरबी असते, रुळात सरस असतो, छापलेलं पान कुठंही पडतं, पायाखाली येतं, असं विरोधकांचं म्हणणं. सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद दोशी छापण्याच्या बाजूनं उभे राहिले. १८८० च्या दशकात त्यांनी 'जैन बोधक' मासिक सुरू केलं. आज आपण त्यांच्या बाजूचे आहोत, कारण छापलं नसतं तर तुमच्या-माझ्या हातात रत्नकरंड श्रावकाचार आला नसता. बायकांच्या हाती तर नाहीच. पण विरोध करणारे निव्वळ अडाणी होते असं मला म्हणवत नाही. वस्तू कशापासून झाली आहे हे विचारणं आपल्याला शिकवलेलंच आहे, आणि तेच ते विचारत होते.

गंमत पुढंच आहे. गिरणीचा कागद आला त्यात जिलेटिनऐवजी राळ आणि तुरटी असे. राळ झाडाची, तुरटी खनिज, म्हणजे अहिंसेच्या हिशेबानं चोख. पण त्याच तुरटीच्या आम्लानं आणि लाकडाच्या लगद्यानं तो कागद आतून जळत जातो. शंभर वर्षांपूर्वीचं वर्तमानपत्र उलगडा, हातात चुरा येतो. पाचशे वर्षांपूर्वीचं चिंध्यांच्या कागदाचं पान मात्र अजून वाकतं, मोडत नाही.

गिरणीनं एक मात्र केलं, कागद स्वस्त झाला. १८५६ साली इंग्लंडात पर्किननं पहिला कृत्रिम रंग काढला, त्यानंतर असल्या रंगांची रांग लागली आणि पातळ कागद लाल, हिरवा, जांभळा मिळू लागला. आपण ज्याला पतंगी कागद म्हणतो तो. इथून पुढं कागदाची सजावट पोथीतून निघून दारात आली.

आकाशकंदिलाचं बघा. दिवाळी आपल्याला महावीरनिर्वाणाची. कल्पसूत्रात सांगितलं आहे की त्या रात्री काशी-कोसलच्या अठरा गणराजांनी, ज्ञानाचा प्रकाश गेला म्हणून, साध्या दिव्यांचा उजेड केला. आपल्या जिनसेनाचार्यांनी इ. स. ७८३ मध्ये पुऱ्या केलेल्या हरिवंशपुराणातही पावापुरीच्या त्या दीपमाळांचं वर्णन आहे, आणि 'दीपालिका' हा शब्दही आहे. तिथं कागद नव्हता, उघड्या पणत्याच होत्या. आणि उघड्या दिव्याची आपल्याला एक अडचण असते. पावसाळा नुकता संपलेला, हवेत किडे, आणि ज्योतीवर पतंग झेपावणार. दिवेलागणीच्या आत जेवून घेणाऱ्या घरांना हे काय सांगायचं! कामट्यांच्या सांगाड्यावर पतंगी कागद चिकटवला की ज्योत झाकली जाते. उजेड बाहेर येतो, किडा आत जात नाही. पतंगाचा कागद पतंगाला वाचवतो, असं माझी आत्या हसून म्हणायची. कंदील कोणी या हेतूनं शोधला असं माझं म्हणणं नाही. पण आमच्या घरी तो या हेतूनं लावला जायचा, आणि वातीच्या ठिकाणी विजेचा दिवा आला तरी तळाला कागद लावायची पद्धत सुटली नाही.

या रंगीत कागदांत एक नाव फार गोंधळ घालतं. 'जिलेटिन पेपर'. आमच्या बस्तीत सजावटीला हा चकचकीत पारदर्शक कागद आणला की कोणीतरी आक्का हमखास विचारते, "अगं, जिलेटिन म्हणजे हाडाचं नव्हे? बस्तीत चालतंय व्हय?" प्रश्न बरोबरच आहे, पण उत्तर वेगळं आहे. नाटकाच्या दिव्यांपुढं लावायचे रंगीत पडदे एके काळी खऱ्या जिलेटिनचे असत, त्यावरून हे नाव आपल्याकडं चिकटलं असावं. दुकानात मिळत आला तो सेलोफेन. १९०८ साली ब्रँडनबर्गर नावाच्या स्विस माणसानं तो शोधला, आणि तो झाडांच्या सेल्युलोजचा असतो. आता मात्र त्या नावाखाली बहुतेक प्लॅस्टिकच मिळतं. हाडाचं नाही म्हणून निःशंक होणाऱ्या आक्कांना मी तेवढंच सांगते, की हे कुजायचं नाही.

उलट ज्याच्यावर आपण कधी शंका घेतली नाही तो वर्ख. चांदीचा तुकडा कातडी पानांच्या चळतीत ठेवून ठोकायचा, ही त्याची जुनी रीत. मूर्तीच्या आंगीला, मिठाईला तो कितीतरी वर्षं निर्धास्तपणे लागत होता. कळल्यावर अनेक ठिकाणी बंद झाला. सुतारांचा सरसही तसाच, कातडी-हाडांचा. १९५९ साली फेव्हिकॉल आला तो या सरसाला पर्याय म्हणूनच. आता शाळेच्या प्रत्येक दप्तरात तो आहे. माझी त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण घरात पीठ असताना कागदाला कागद चिकटवायला बाटली का लागावी, हे मला अजून समजलेलं नाही.

कागदकाम 'पोरांचं' कधी झालं, याचाही थोडा इतिहास आहे. जर्मनीतल्या फ्रबेलनं बालवाडीत घड्या घालणं, कातरणं, विणणं यांना शिक्षणात जागा दिली. ती कल्पना इकडं आली आणि मद्रासच्या टी. सुंदरराव यांनी १८९३ साली कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकवणारं इंग्रजी पुस्तक काढलं. जगभरचे गणिती ते वाचत आले आहेत. आपल्याकडं ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि नंतर कोसबाडला दाखवून दिलं, की बालशिक्षणाला महागडी साधनं लागत नाहीत. शिंपले, बिया, पानं, माती पुरते. शाळांत पुढं 'कार्यानुभव' आला आणि आमच्या पिढीनं पुठ्ठ्याची घरं केली. पण शाळेत शिरलं ते घरातून सुटलं. जे काम आईनं पोथीसाठी करायचं ते मुलानं मार्कांसाठी केलं, आणि ते मार्क मिळाले की संपलं.

माझी जाऊ इंदूरला असते. ती तिकडच्या संजाचं सांगते तेव्हा हीच गोष्ट दिसते. माळव्यात पितृपक्षात कुमारिका भिंतीवर शेणानं संजा काढतात, रोज नवा आकार. त्यावर फुलांच्या पाकळ्या, चमकीच्या कागदाचे तुकडे लावतात, संध्याकाळी गाणी म्हणतात. शेवटी मोठा किलाकोट करतात. आपल्याकडच्या हादग्या-भोंडल्याची मोठी बहीणच म्हणा. तिथं कागद आधी मदतीला आला, शेणावर चमकी म्हणून. आता बाजारात सगळा संजाच कागदावर छापून मिळतो. आणायचा, भिंतीला लावायचा. जाऊ म्हणते, फ्लॅटच्या भिंतीवर शेण कोण लावू देणार? तिचं खरं आहे. पण रोजचा एक आकार काढायला जमणाऱ्या दहा मुली छापील संजाला जमत नाहीत, हेही तीच सांगते.

आपल्या सणांत मधली तीसेक वर्षं थर्माकोलनं खाल्ली. कापायला सोपा, वजनाला हलका, पांढराशुभ्र. समवसरण थर्माकोलचं, पाळणा थर्माकोलचा, त्रिशलामातेची सोळा स्वप्नं थर्माकोलवर. महाराष्ट्रानं २०१८ साली बंदी घातली, आणि १ जुलै २०२२ पासून देशभर सजावटीचा थर्माकोल बंद झाला. मग मंडळातल्या बायका एकमेकींना विचारू लागल्या, की आता कशाचं करायचं? मला त्यात आनंदच झाला, कारण याचं उत्तर आपल्या जुन्या ट्रंकांत आहे.

तेव्हा पुठ्ठ्याकडं परत येऊ. आपल्या घरांत आज कागदाचा कोणता ढीग आहे? लग्नपत्रिकांचा. जाड, गुळगुळीत, सोनेरी, आणि प्रत्येकीवर णमोकार मंत्र नाहीतर भगवंतांचं चित्र. टाकवत नाहीत म्हणून कपाटावर साठलेल्या. तीच शेकडो वर्षांपूर्वीची अडचण! मंत्राचा भाग कात्रीनं तोडू नका. तो कागद तसाच पुठ्ठ्याच्या आतल्या थरात घाला, पाहिजे तर मधल्या थरात, म्हणजे त्यावर ना कात्री लागेल ना पाय. बाहेरचे थर कोऱ्या पाठीचे घ्या. लिफाफे तर नुसते रंगच आहेत. त्यांच्या पट्ट्या कापून पताका, झालर, फुलं होतात.

खळ अशी करायची. दोन चमचे गव्हाचं पीठ नाहीतर मैदा थोड्या गार पाण्यात गुठळी न ठेवता कालवा. एक वाटी पाणी उकळत ठेवून त्यात हळूहळू ओता आणि ढवळत राहा. पारदर्शक, चकचकीत झाली की उतरवा. जुने बाइंडर किडीसाठी त्यात मोरचूद घालत. मी घालत नाही, मुलांचे हात असतात. त्यापेक्षा आपली मर्यादा बरी. पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, थंडीत सात, हा पिठाचा हिशेब आपल्याला पाठ आहेच. शिजवलेली खळ मात्र त्याच दिवशी संपवायची. उरली तर आंबते आणि मग तिच्यात जीव होतात. लागेल तेवढीच करा.

पुठ्ठ्याला सहा-सात थर पुरतात. प्रत्येक थराला खळ पातळ आणि सगळीकडं सारखी लावा. मधून काठाकडं कापडानं दाबत हवा काढा. जाड खळ लावली की पुठ्ठा वाळताना धनुष्यासारखा वाकतो. असे दोन-चार पुठ्ठे झाले की पाळण्याच्या बाजू होतात, समवसरणाचे तीन कोट होतात. आणि सण संपल्यावर तेच घरातल्या शास्त्राला खाली-वर ठेवता येतात. थर्माकोलचं समवसरण दुसऱ्या दिवशी कुठं जायचं ते आपण बघितलेलं आहे.

आणि जुन्या पुठ्ठ्यांबद्दल एक. हल्ली आपल्या भागात जुनी घरं पाडून अपार्टमेंट उठताहेत. माळ्यावरची ट्रंक उघडायची वेळ घरातल्या बाईवर येते. पोथी दिसली तर ती बस्तीत किंवा मठात नेऊन देते, एवढी समज आपल्याला आहे. पण पोथीचा पुठ्ठा फाटका, तेलकट, कसर लागलेला, म्हणून रद्दीवाल्याकडं जातो. निपाणीकडच्या एका घरी मी असा पुठ्ठा बघितला. कोपरा उकललेला, आत मोडी अक्षर, एका ओळीत तंबाखूच्या गाठींचा हिशेब, आणि त्याच्याखाली वेगळ्या, कच्च्या हातानं गिरवलेली अआइई. कोणीतरी घरातच शिकत होतं. मुलगा की मुलगी, ते अक्षरावरून कळत नाही. मला जे वाटतं ते मी मनात ठेवते.

असा पुठ्ठा सापडला तर उकलायचा प्रयत्न करू नका, चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. धुतलेल्या, कांजी नसलेल्या सुती कापडात बांधा, पोथीबरोबरच ठेवा, आणि कुठल्या पोथीवर होता, कुठल्या घरातून आला ते चिठ्ठीवर पेन्सिलीनं लिहून आत घाला. हस्तलिखितांची नोंद करायला केंद्र सरकारनं २००३ साली राष्ट्रीय अभियान सुरू केलं, भांडारांतही आता नोंदी होतात. नोंद करणारे येतील तेव्हा पुठ्ठाही दाखवा, कारण ते विचारतातच असं नाही.

नवे पुठ्ठे दाबायला मी ज्वारीचा डबा ठेवते, खाली पाट. बेळगावच्या पावसात चार दिवस लागतात. मधे उचलून बघायचा मोह होतो, पण उचलला की वाकतो.